‘स्टॅट’ म्हणजे नक्की कधी?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला ‘साठीनंतरचे आरोग्य’ असा विषय दिला होता. मी नको म्हटलं. मीठ कमी खा, चाला, जागरण करू नका, हे तुम्हाला घरात सुना-मुलं रोज सांगतात आणि तुम्ही ऐकत नाही. मी सांगितल्याने ऐकाल असा माझा भ्रम नाही. मी सदतीस वर्षं सरकारी रुग्णालयांत नोकरी केली, आधी अधिपरिचारिका आणि शेवटची काही वर्षं परिसेविका, म्हणजे तुमच्या भाषेत वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. त्या सगळ्या काळात एका इंग्रजी शब्दाशी माझा जेवढा संबंध आला तेवढा दुसऱ्या कुठल्या शब्दाशी आला नसेल. आज मी त्या शब्दावर बोलणार आहे. इंग्रजीचे सर समोर आहेत, त्यामुळे उच्चार चुकला तर सांभाळून घ्या.

शब्द आहे ‘स्टॅट’.

आपण पाचवीत एबीसीडी शिकलेली मुलं. बारावीनंतर मी जनरल नर्सिंगला गेले तेव्हा तिथलं इंग्रजी कानावर पडलं आणि वाटलं, हे आपण शिकलो ते इंग्रजी नव्हेच. ओडी, बीडी, टीडीएस, एचएस. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. ही सगळी मुळात लॅटिन भाषेतल्या शब्दांची आद्याक्षरं आहेत हे पुढे कळलं. आणि एखाद्या इंजेक्शनच्या पुढे डॉक्टर खरडत : स्टॅट. ‘इंजेक्शन लॅसिक्स ४० मिलिग्रॅम, आयव्ही, स्टॅट.’

हा शब्दही लॅटिनच. मूळ शब्द ‘स्टॅटिम’, म्हणजे ‘उभ्या जागी, तिथल्या तिथे, लगेच’. इंग्रज डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात तो तोडून ‘स्टॅट’ केला, आणि पुढे इंग्रजी जिथे जिथे गेली तिथल्या दवाखान्यांत तो जाऊन बसला. आपल्या मराठीत ‘उभ्या उभ्या’ म्हणतो ना, ‘उभ्या उभ्या येऊन गेला’, तसाच काहीसा हा शब्द आहे. बसायचं नाही, टेकायचं नाही, आहे त्या पावली करायचं.

आता यात एक बारकावा आहे, आणि तो मला फार आवडतो. ‘स्टॅट’ म्हणजे नुसतं ‘लगेच’ नाही. ‘लगेच, आणि एकदाच.’ बीडी लिहिलेलं औषध उद्याही द्यायचं असतं, परवाही द्यायचं असतं. स्टॅट लिहिलेलं औषध आत्ता दिलं की तो हुकूम संपला. पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरांनी पुन्हा लिहायचं. आणि देणाऱ्या सिस्टरने पुढे वेळ टाकून सही करायची. रात्री दोन वाजून दहा मिनिटं, खाली सही. ‘दिलं’ एवढंच लिहून चालत नाही. डॉक्टर फोनवर तोंडी सांगत असतील तर आपण ते परत म्हणून दाखवायचं : लॅसिक्स, चाळीस, शिरेतून, स्टॅट, बरोबर? तिकडून ‘बरोबर’ आलं की मगच हात लावायचा. घाईच्या कामात हे पाच सेकंद वाया गेले असं बाहेरच्याला वाटतं. पण चाळीस आणि चारशे यांतला फरक त्याच पाच सेकंदांत राखला जातो.

म्हणजे बघा, या एका छोट्या शब्दाला वेळ आहे, मर्यादा आहे, आणि त्याच्याखाली एका माणसाची सही आहे. म्हणून तो अजून टिकला आहे. नाहीतर घाईचे शब्द फार टिकत नाहीत.

हे मी मनाने सांगत नाही. इंग्रजीतला ‘सून’ घ्या. आज ‘सून’ म्हणजे ‘थोड्या वेळाने, लवकरच’. पण जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता ‘ताबडतोब’. ‘प्रेझेंटली’चंही तसंच. एके काळी त्याचा अर्थ ‘या क्षणी’ असा होता, मग घसरत घसरत ‘थोड्या वेळात’ झाला. ‘अनॉन’ म्हणून जुन्या नाटकांत एक शब्द येतो, त्याचीही तीच गत. कारण उघड आहे. माणूस म्हणतो ‘आत्ता करतो’ आणि करतो अर्ध्या तासाने. पिढ्यानपिढ्या असं झालं की ऐकणारा शब्दाचा अर्थच बदलून टाकतो.

आपण तरी काय वेगळे आहोत? ‘हा काय, आलोच’ म्हणजे माणूस अजून अंघोळीला गेलेला नाही. ‘निघालोय’ म्हणजे चप्पल शोधतोय. ‘पाच मिनिटांत पोहोचतो’ याचा अर्थ तर आज सकाळी गेटवर उभं राहून आपण सगळ्यांनी अनुभवला. ‘तत्काळ’ हा केवढा भारदस्त शब्द, त्याच क्षणी! रेल्वेने १९९७ साली ‘तत्काळ’ तिकिटं सुरू केली आणि आता त्या शब्दाचा अर्थ काय झाला? प्रवासाच्या आदल्या दिवशी जादा पैसे भरून रांगेत उभं राहणं.

सर, तुम्ही दहावीत आमच्याकडून एक वाक्यरचना घोटून घेतली होती. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’चं वाक्य ‘नो सूनर’ने बदला. शिक्षक वर्गात आले तशी मुलं उभी राहिली. ‘नो सूनर डिड द टीचर एंटर द क्लास दॅन द बॉइज स्टूड अप.’ आणि तिथे ‘दॅन’ऐवजी कुणी ‘व्हेन’ लिहिलं की तुमचा खडू बरोबर त्याच्याच बाकावर येऊन पडायचा. (हसता काय, मागच्या बाकावरच्यांनो, तुमच्याबद्दलच बोलतेय.) तेव्हा वाटायचं, एवढी उलथापालथ कशासाठी? पण गंमत अशी की मराठीत आपण हे किती सहज बोलतो. ‘सर वर्गात येतात न येतात तोच मुलं उभी राहिली.’ ‘येताच उभी राहिली.’ ते ‘येतात न येतात’ म्हणजेच ‘नो सूनर’. दोन गोष्टींच्या मध्ये फट नाही, हे सांगायची सोय दोन्ही भाषांनी करून ठेवली आहे.

आता त्याच ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’मध्ये ‘पॉसिबल’ घातलं की काय होतं पाहा. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’, शक्य तितक्या लवकर. हल्लीची मुलं त्याची आद्याक्षरं घेऊन ‘एसॅप’ म्हणतात. माझी भाची पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती सांगते, साहेबाच्या प्रत्येक मेलमध्ये ‘एसॅप’ असतंच. मी तिला विचारलं, शक्य म्हणजे कुणाला शक्य? साहेबाला की तुला? ती म्हणाली, मावशी, तोच तर घोळ आहे. पाठवणारा समजतो, हातातलं टाकून करतील. घेणारा समजतो, सवडीने केलं तरी चालेल. दोघंही व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर! आमच्या वॉर्डात हा शब्द कधी चालला नाही, आणि चालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्या लाडक्या शब्दाकडे येते. ‘अर्जंट’. हा इंग्रजी आहे हे आपण विसरूनच गेलोय. आपल्या लहानपणी तो फोटो स्टुडिओच्या पाटीवर होता, टायपिंगच्या दुकानात होता, शिंप्याकडे होता. ट्रंककॉल लावायचा तर ऑर्डिनरी की अर्जंट असं विचारायचे, अर्जंटला दुप्पट पैसे. त्याहून घाई असेल तर ‘लाइटनिंग’, म्हणजे वीज, पण ते दर आपल्या ऐपतीबाहेरचे. म्हणजे अर्जंट ही विकत घ्यायची वस्तू होती आणि पैसे पडत होते म्हणून माणूस जपून वापरायचा.

तारेचंही तसंच. प्रत्येक शब्दाला पैसे, म्हणून तारेत घाईचा शब्द घालायची गरजच नसायची. तारवाला दारात दिसला की बायका तार फोडायच्या आधीच रडायला लागायच्या. तरीही तारेचासुद्धा एक साचा झिजलाच. ‘मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.’ रजा मिळत नाही म्हणून गावाकडून अशी तार मागवून घेणारे इतके झाले की साहेब लोक पुढे पुढे तारेवरही विश्वास ठेवीनात. आणि मग ज्याची आई खरोखर शेवटच्या घटका मोजत होती, त्याच्याकडेही साहेब संशयाने बघायचा. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तो संशय काही बंद झाला नाही.

‘अर्जंट’चं मूळ लॅटिनमध्ये ‘दाबणे, रेटणे’ असं आहे. त्यातूनच ‘अर्ज’ हे इंग्रजी क्रियापद आलं. मागून रेटा लागलाय ते अर्जंट. माझ्या कानाला याला जवळचा मराठी शब्द ‘तातडी’ नव्हे, ‘निकड’ वाटतो. तातडी कुणीही करू शकतं, निकड असावी लागते. आणि हा फरक जर कुठे रोज डोळ्यांसमोर दिसत असेल तर तो रुग्णालयाच्या अपघात विभागात.

तिथे एकाच वेळी दहा माणसं येतात. कुणाला आधी बघायचं? याला ‘ट्रायाज’ म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ ‘निवडणे’. आपण तांदूळ निवडतो तसंच. नेपोलियनच्या सैन्यात लॅरे नावाचा शल्यवैद्य होता, त्याचं नाव या पद्धतीशी जोडलं जातं. त्याचा नियम असा की हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची. सेनापती असो की शिपाई, ज्याची जखम घातक तो आधी. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला १९९०च्या दशकात यासाठी पाच रंगांची पद्धत बसवली गेली आणि ती बऱ्याच देशांत वापरतात. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. लाल म्हणजे ‘इमिजिएट’, शून्य मिनिटं. नारिंगी ‘व्हेरी अर्जंट’, दहा मिनिटांच्या आत. आणि मग तिसरा, पिवळा : ‘अर्जंट’. त्याला वेळ किती? साठ मिनिटं!

नोकरीत असताना एका प्रशिक्षणात हा तक्ता पडद्यावर दाखवला तेव्हा आम्ही सगळ्या सिस्टर्स एकमेकींकडे बघून हसलो. कारण काउंटरवर मूठ आपटून ‘सिस्टर, अर्जंट आहे!’ म्हणणाऱ्या माणसाला जर सांगितलं की ‘हो, अर्जंट आहे, म्हणूनच एक तास बसा’, तर काय होईल! पण त्या विद्येत तो शब्द तसाच आहे. अर्जंट म्हणजे थांबू शकतो, पण फार नाही.

आणि मूठ आपटणाऱ्याबद्दल आणखी एक गोष्ट. आम्हाला शिकवलं होतं आणि अनुभवानेही तेच दाखवलं, की जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. आधी त्याच्याकडे बघा जो कोपऱ्यात गप्प बसलाय, घामाने भिजलाय, आणि विचारलं तर म्हणतोय, ‘माझं काही नाही हो, त्यांचं आधी बघा.’ माझ्या नोकरीत ‘अर्जंट’ हा शब्द सगळ्यात जास्त कुणी वापरला असेल तर डिस्चार्जचा कागद हवा असणाऱ्या नातेवाइकांनी. राग नाही माझा, घरी जायची ओढ असतेच. पण खरा लाल रंगाचा माणूस हा शब्द उच्चारताना मी क्वचितच ऐकलाय. त्याच्याकडे तेवढी हवाच नसते.

आता एक गमतीचा भाग सांगते, म्हणजे जेवणाआधी कुणी झोपणार नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या खिशात किंवा पर्समध्ये औषधाची चिठ्ठी असेल. एखाद्या गोळीपुढे ‘एसओएस’ लिहिलंय का बघा. काय अर्थ त्याचा? मी सकाळी चहाच्या वेळी पाच-सहा जणांना विचारलं. सगळे म्हणाले, धोक्याचा इशारा, जहाज बुडताना देतात तो.

जहाजाचा एसओएस वेगळा. १९०६ साली बर्लिनच्या परिषदेत तो ठरला आणि १९०८पासून लागू झाला. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. कानाला ओळखायला सोपं म्हणून घेतलं, त्या अक्षरांना मुळात काही अर्थच नाही. ‘सेव्ह अवर सोल्स’ वगैरे लोकांनी नंतर चिकटवलं. चिठ्ठीवरचा एसओएस मात्र लॅटिन आहे : ‘सी ओपस सिट’. अर्थ, ‘गरज पडली तर’. म्हणजे अक्षरं तीच, आणि अर्थ जवळजवळ उलटा. एक म्हणतो, धावा, बुडतोय. दुसरा म्हणतो, लागली तर घ्या, नाही तर राहू द्या.

आमच्याकडे एका आजोबांना सुट्टी दिली, चिठ्ठीवर ताप आला तर घ्यायची पॅरासिटामॉल होती, पुढे एसओएस. मुलगा चांगला शिकलेला. त्या दुकानात ती गोळी नव्हती, म्हणून हा बाबा रात्री एक वाजता मोटरसायकलवरून तीन मेडिकल पालथी घालून आला. आजोबांना तापच नव्हता. यात मुलाचं काय चुकलं? काही नाही. ज्या भाषेत तो शिकला त्या भाषेत त्या अक्षरांचा अर्थ तोच होता. २०१६ साली डॉक्टरांच्या परिषदेने नियम केला की औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा. चांगलं झालं. पण ही लॅटिन आद्याक्षरं तशीच राहिली. माझं म्हणणं, पुढच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, ‘गरज म्हणजे काय झाल्यावर?’ लाजू नका. तो प्रश्न विचारणारा पेशंट डॉक्टरलाही आवडतो.

कारण या ‘गरज पडली तर’मध्ये एक खड्डा आहे. छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी देतात, तिच्यापुढेही एसओएसच लिहिलेलं असतं. तिथे मात्र दोन्ही अर्थ एकत्र येतात. गरज पडली तर घ्या, आणि गरज पडली तर त्याच क्षणी घ्या. आणि आपली पिढी! आपल्याला गरज कबूल करायची सवयच नाही. ‘एवढ्यासाठी कशाला गोळी, बघू थोडा वेळ’ म्हणून डबीतली गोळी डबीतच ठेवून दवाखान्यात आलेली माणसं मी पाहिली आहेत. काही तर आणली गेली, आली नाहीत.

इथे मला एक गोष्ट बोलायची आहे. वहिनींची परवानगी घेतली आहे, त्या आज आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. आपला जो मित्र चार वर्षांपूर्वी गेला, आपल्या वर्गाच्या कबड्डी संघाचा कप्तान, त्याचं नाव मी घेत नाही, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्या रात्री जेवणानंतर त्याला जबडा आणि डावा खांदा दुखायला लागला, घाम आला. तो म्हणाला, ॲसिडिटी आहे, सकाळी बघू. वहिनींना ते पटलं नाही. पण रात्री कुणाला उठवायचं, म्हणून त्यांनी त्याच्या फोनवरून आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं. मी तेव्हा ग्रुपवर नव्हते, तो मेसेज मला नंतर एका मैत्रिणीने दाखवला. रात्री दहा चाळीसचा. ‘ह्यांना जरा बरं वाटत नाहीये. ग्रुपवर कोणी डॉक्टर असतील तर वेळ मिळाला की सांगाल का? तसदीबद्दल क्षमा.’

त्याच्या वर एक मेसेज होता, ‘अर्जंट, अर्जंट, ओ निगेटिव्ह रक्त हवे आहे’, कुठल्या शहरातलं, कुठल्या तारखेचं, काही नाही. मैत्रीण म्हणाली, तोच मेसेज महिन्याभरात तिसऱ्यांदा आला होता. त्याच्या खाली दुसरा, ‘हा व्हिडिओ अर्जंट बघा, उद्या डिलीट होईल’. आणि या दोघांच्या मध्ये वहिनींचा तो मेसेज. पहाटे चारच्या सुमारास तो गेला. शहरातलं हृदयाचं रुग्णालय त्याच्या घरापासून चाळीस किलोमीटरवर होतं. त्यांनी कुणावर बोट ठेवलेलं नाही आणि मीही ठेवत नाही. रात्री अकराला झोपणं हा काही गुन्हा नाही. पण मी तो मेसेज कितीतरी वेळा वाचला. त्यात घाईचा एकही शब्द नाही. ज्याला खरी निकड होती त्या बाईने लिहिलं ‘वेळ मिळाला की’. आणि ज्यांना काहीच निकड नव्हती त्यांनी तो शब्द दोन-दोनदा लिहिला होता.

म्हणून आता पाच मिनिटं मी तुमची इन्चार्ज सिस्टर होते. आपल्या वयाला ‘स्टॅट’ काय, एवढंच सांगते. बाकी सगळं बीडी आहे, सावकाश चालतं.

छातीत दाब, आवळल्यासारखं, ते दुखणं हातात, जबड्यात, पाठीत जाणं, सोबत घाम : स्टॅट. बायकांनी आणि मधुमेह असलेल्यांनी नीट ऐका, तुमच्या छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागेल, मळमळेल, अचानक गळून गेल्यासारखं होईल. रक्तवाहिनी उघडायचं काम रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत व्हावं अशी डॉक्टरांची अपेक्षा असते. ते ९० तुम्ही दारात पोहोचल्यावर सुरू होतात. ‘सकाळी बघू’ हे त्यात धरलेलं नाही.

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं : स्टॅट, आणि मनात घड्याळ लावून. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. सेव्हर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने २००६ साली हिशेब मांडला की अशा झटक्यात दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. दर मिनिटाला! तोंडाने पाणी, गोळी, काही देऊ नका. रक्तस्राव आहे की गुठळी हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही.

आणि इथे आपल्या मराठीचा एक शब्द फार त्रास देतो : ‘मघाशी’. डॉक्टर विचारतात, यांना शेवटचं ठीक कधी पाहिलंत? उत्तर येतं, ‘मघाशी तर बरे होते’. मघाशी म्हणजे? वीस मिनिटं की सकाळपासून? त्या एका उत्तरावर इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरत असतं. अशा वेळी घड्याळाचा काटा आठवत नसेल तर घरातली घटना आठवा. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तेव्हा बोलत होते का? बातम्या लागल्या तेव्हा? आमच्या वॉर्डात एका सासूबाईंनी सांगितलं होतं, ‘देवळातली काकड आरती सुटली तेव्हा त्यांनी मला चहा मागितला.’ डॉक्टरांनी ती वेळ जशीच्या तशी लिहून घेतली. घड्याळापेक्षा पक्की!

मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला घाम, थरथर, बडबड सुरू झाली तर शुद्धीवर असेपर्यंत तीन चमचे साखर पाण्यात, स्टॅट. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, गाडी बोलवायची.

गाडी म्हणजे १०८. आपल्या राज्यात २०१४पासून आहे, फुकट आहे. फोन लागला की ‘लवकर या, अर्जंट आहे’ म्हणू नका. त्यांना प्रत्येक जण तेच म्हणतो. आधी पत्ता सांगा, जवळची खूण सांगा, देऊळ, शाळा, पाण्याची टाकी. मग दिसतं ते सांगा. ‘वय एकसष्ट, छातीत दुखतंय, घाम आलाय, शुद्धीवर आहेत.’ किंवा ‘हाक मारली तर ओ देत नाहीत, श्वास दिसत नाही.’ यात घाईचा एकही शब्द नाही, पण ऐकणारा जागचा उठतो. आणि फोन आपण आधी ठेवायचा नाही.

ग्रुपबद्दल माझी एकच सूचना आहे, संयोजकांशी बोलून ठेवली आहे. आपल्या ग्रुपवर तीन डॉक्टर आणि आम्ही दोघी सिस्टर्स आहोत. आमचे पाच नंबर या स्मरणिकेच्या सभासदांना वेगळ्या कार्डावर मिळतील. ते फ्रिजच्या दारावर लावा. रात्री काही वाटलं तर आधी १०८, मग त्या नंबरांवर फोन. मेसेज नाही, फोन. आणि ‘तसदीबद्दल क्षमा’ म्हणायचं नाही. वहिनी, हे तुमच्याशी बोलूनच ठरवलं आहे, आणि कार्डाची छपाई तुम्ही केलीत त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत.

रक्ताचा मेसेज पुढे पाठवायचा असेल तर त्यावर गाव, तारीख आणि फोन नंबर आहे का बघा. त्या नंबरवर आधी स्वतः फोन करा. काम झालेलं असेल तर तो मेसेज तिथेच मारून टाका.

जेवणानंतर मी आणि आपली दुसरी सिस्टर ग्रंथालयाच्या व्हरांड्यात बीपीचं मशीन घेऊन बसणार आहोत. औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन या, प्रत्येक गोळीपुढे ती कशासाठी आणि कधी हे मराठीत लिहून देऊ. जेवण झाल्या झाल्या येऊ नका, अर्धा तास बसा, नाहीतर आकडा चुकीचा येतो. सर आणि बाई, तुमच्यासाठी रांग नाही, आम्हीच तुमच्या खुर्चीपाशी येऊ. आणि ज्यांनी मघाशी चहाच्या वेळी मला सांगितलं की पाच-सहा दिवस बीपीची गोळी संपली आहे, त्यांनी कृपा करून पहिला नंबर लावावा. समोर चौकातलं मेडिकल दुपारी दोनला बंद होतं.